मानेवरचा आकडा

मिठाचं पाणी. अंगाच्या उबेइतकं कोमट.

*

"अक्षरं काढून टाक. त्यांच्यापायी गणित उगाच जड होतं."

*

तिसऱ्या मजल्यावरच्या एका दाराला आतून तीन कड्या आहेत. आत राहणाऱ्या आजोबांना वर्षातून दोनच पत्रं येतात.

*

एका सुताराला डुगडुगणारी खुर्ची बघवत नाही. दुसऱ्याच्या घरी गेला तरी बसण्याआधी तो खुर्ची उलटी करून बघतो.

*

पिवळा कागद. कागदावर चौकोन. चौकोनात बरोबरची खूण.

*

टक. टक. टक. टक.

*

मित्रांनो, हे सगळं एकाच गोष्टीतलं आहे आणि ती गोष्ट माझी आहे. मी एक जुना, मोडका खुबा आहे.

हसू नका. तुमची मांडी कमरेला जिथे अडकते तिथे एक सांधा असतो. वर वाटी, वाटीत गोळा, गोळ्याखाली मान आणि मानेखाली लांब हाड. हा सांधा झिजला की माणसाला मोजे घालणंही जड जातं. मग डॉक्टर तो भाग काढतात आणि तिथे माझ्यासारख्याला बसवतात. गोळा, मान आणि हाडाच्या पोकळीत शिरणारा दांडा, असा मी सगळा मिळून तुमच्या वीतभर लांबीचा होतो.

होतो. आता मी दोन तुकड्यांत एका पारदर्शक डबीत असतो. डबी एका कारखान्याच्या लोखंडी कपाटात, दुसऱ्या खणात. वरच्या तुकड्यात गोळा आणि अर्धी मान. खालच्यात उरलेली मान आणि दांडा. आत्ता बोलतोय तो वरचा.

पाय कापलेल्या माणसाला नसलेला पाय ठणकतो, असं म्हणतात. माझं उलटं झालंय. मला नसलेलं माणूस जाणवतं. खण बंद असतो, कारखान्याला सुट्टी असते, तरी सकाळी साडेनऊला माझ्यावर भार येतो आणि जातो, येतो आणि जातो. कुणीतरी जिना चढत असतं.

*

मी टायटॅनियमचा. जन्मलो तेव्हा एक करडी सळई होतो. मला तापवलं, साच्यात दाबलं, तासलं, घासलं. पण त्याच्याही आधी मी संगणकाच्या एका पडद्यावर होतो.

पडद्यासमोर बसायची ती ताई. सगळे तिला समोर ताई म्हणत आणि मागे केसभरताई, कारण माप केसभर चुकलं तरी ती माल परत पाठवायची. तिचं काम ताण शोधण्याचं. तिने गणितात माझे दोन लाख बारीक तुकडे पाडले, गोळ्यावर माणसाचा भार ठेवला आणि कुठला तुकडा किती सोसतो ते रंगांनी पाहिलं. निळा म्हणजे निवांत. लाल म्हणजे जपून.

चालताना माणूस क्षणभर एका पायावर असतं. तेवढ्या क्षणात गोळ्यावर त्याच्या वजनाच्या तिप्पट भार येतो. जिन्यावर त्याहून जास्त. गोळा दांड्याच्या बाजूला असतो, म्हणून भार आला की मान वाकू बघते. तिची खालची बाजू दाबली जाते आणि वरची ताणली जाते. दाब आम्ही निमूट सोसतो. ताण मात्र सतत चाचपत असतो, कुठे एखादी चीर मिळते का.

हे ताईला पुस्तकाआधी तिच्या बाबांनी शिकवलं होतं. ते सुतार. ती शाळेत असताना त्यांनी तिच्या हातात एक ओली काठी वाकवून दाखवली होती. "बघ, पोटाकडून ती गप्प आहे. पाठीकडून रडतेय. खाच पाडायचीच झाली तर रडणाऱ्या अंगाला कधी पाडू नये." ताईने माझं चित्र काढलं तेव्हा मानेची वरची बाजू लालसर आली. तिने मान थोडी जाड केली, वळण मोठं केलं, आणि लाल पिवळ्यावर आलं. फार जाड करूनही भागत नाही बरं का. सगळा भार मीच उचलला तर शेजारचं हाड आळसावतं आणि झिजून जातं. हाडाला काम लागतं. हे सगळं तिने सांभाळलं.

चित्रात सुरुवातीला माझा सहा अंकी क्रमांकही होता, दांड्याच्या खालच्या टोकाशी. पहिले दोन अंक मापाचे. पण अक्षरांच्या बारीक कडांवर गणित अडखळतं. तासाचं काम दोन दिवस चालतं. म्हणून या धंद्यातले सगळेच जे करतात ते तिने केलं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला म्हणाली, अक्षरं काढून टाक. टोकाला ताण जवळजवळ नसतोच. त्यामुळे त्यात काही चुकलं नाही.

तेव्हा नाही.

*

मग माझ्या सहा भावंडांना यंत्रावर बसवलं. मिठाच्या कोमट पाण्यात बुडवून, सेकंदाला पाच वेळा, तेवीस दिवस. एक कोटी पावलं. एकही भावंड मोडलं नाही. त्यांच्यावर क्रमांक कोरलेलाही नव्हता. ती कुणाच्या अंगात जाणार नव्हती, म्हणून पेनाने एक ते सहा लिहिलं होतं. पाण्यात तेही पुसलं गेलं.

अशी परीक्षा पास होऊन आमचा आकार कायम झाला. आणि मग एक दिवस रुग्णालयातून ऑपरेशनच्या खोलीतल्या मोठ्या सिस्टर स्वतः कारखान्यात आल्या. रागावूनच.

"परवा दोन डब्या एकदम उघडल्या. दोन्ही दांडे समोर. कुठला अकरा मापाचा, कुठला बाराचा? तुम्ही लिहिलंय टोकावर आणि टोक खुपसलंय स्पंजात! डॉक्टर हात पुढे करून उभे, आणि मी दांडे उलटसुलट करतेय. चुकीचा गेला असता तर?"

खोटं काहीच नव्हतं त्यात. कोरणीच्या यंत्रावर एक वयस्क गृहस्थ होते. वीस वर्षं ते लेसरच्या किरणाने धातूवर आकडे कोरत होते, म्हणून सगळे त्यांना अक्षरमामा म्हणत. त्यांनी तिथल्या तिथे तोडगा काढला.

"ताई, आकडा मानेवर घेतो. वरच्या अंगाला. डबी उघडली की पहिली नजर तिथेच."

"मजकूर तोच ना?"

"तोच हो. जागा फक्त बदलली. सिस्टरना चष्मासुद्धा नको लागायला."

"माझ्या चष्म्यावर नका जाऊ," सिस्टर म्हणाल्या, पण हसल्या.

कारखान्यात काहीही बदललं की पिवळा कागद भरावा लागे. त्यावर एक प्रश्न छापलेला असे: आकार, माप किंवा धातू बदलतो का? 'होय' म्हटलं की नवं चित्र, नवी भावंडं, पुन्हा तेवीस दिवस. 'नाही' म्हटलं की एक सही. ताई जेवायला निघाली होती. तिने उभ्या उभ्या 'नाही'च्या चौकोनात खूण केली आणि सही केली. मित्रांनो, ती खोटं बोलली नाही. लिहिण्याला आकार कुणीच समजत नाही.

केसभर चुकीवर माल परत पाठवणाऱ्या बाईने माझ्या मानेवर केसाहून उथळ सहा खाचा मंजूर केल्या. त्याही रडणाऱ्या अंगाला.

किरण फिरला तेव्हा मला गुदगुल्या झाल्या. अक्षरमामांनी मला उजेडात धरलं आणि म्हणाले, "काय देखणा दिसतोस रे!" माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. मी खूश झालो. त्या खुशीची मला अजून लाज वाटते.

*

त्या खेपेला आम्ही चाळीस जण होतो. माझ्या पुढचा क्रमांक ताईच्या बाबांना बसला. त्यांचा खुबा तेव्हाच झिजला होता, आणि ताईने डॉक्टरांना बजावलं होतं, "लावायचा तर आमच्याच कपाटातला." किती अभिमानाने म्हणाली होती ती. बाबा दीड महिन्यात चौथ्या मजल्यावर चढून गेले. लिफ्ट होती. ते म्हणाले, लिफ्ट आजाऱ्यांसाठी असते.

मी गेलो टपालवाल्या बाईंना.

आत अंधार असतो, मित्रांनो. पूर्ण अंधार आणि ऊब. हळूहळू हाडाने मला धरलं, आणि मग त्या चालल्या की मला रस्ता कळायचा. फरसबंदी वेगळी, चढ वेगळा, लाकडी जिना वेगळा. बाई सकाळी निघताना मांडीवर चापट मारून म्हणत, "चल रे लोखंड्या!" मी लोखंड नाही, पण सांगणार कसा? काही दिवसांनी ते नाव मला आवडू लागलं. आणखी काही दिवसांनी त्या हाक मारायचंच विसरल्या. मी इतका ठीक होतो की मी आहे हेच त्यांच्या लक्षात राहिलं नाही. आमच्यात याहून मोठी शाबासकी नसते.

चौथ्या वर्षी मानेवर, तिसऱ्या अंकाच्या वळणात, काहीतरी उघडलं.

दुखलं नाही. धातूला दुखत नाही. पाऊल पडलं की ते किंचित उघडायचं, पाऊल उचललं की मिटायचं. प्रत्येक पावलाला ते केसाच्या हजाराव्या भागाने आत येत होतं. मी ओरडू शकत नव्हतो. बाईंना चालू नका म्हणू शकत नव्हतो. आपल्याच आत कुणीतरी दबक्या पावलाने येतंय आणि त्याला आपलंच माणूस चालवत आणतंय, हे कसं असतं ते मी तुम्हाला कसं सांगू? मी पावलं मोजू लागलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

त्या सकाळी बाई तिसऱ्या मजल्यावर निघाल्या होत्या, तीन कड्यांच्या दाराशी. आजोबांचं वर्षातलं दुसरं पत्र हातात होतं. त्या खालूनच ओरडल्या, "आजोबा, कड्या काढायला लागा, मी पोचेपर्यंत निघतील!" आतून पहिली कडी वाजली. बाईंनी पाऊल उचललं, भार माझ्यावर आला आणि मी

*

(वरचा तुकडा.) मी वाटीत राहिलो. मला फक्त पत्रं घरंगळल्याचा आवाज आला. आणि बाईंचा. "अगं आई गं! माझं टपाल!" मग दुसरी कडी. मग तिसरी. मग आजोबा जिन्यात बसले आणि मदत येईपर्यंत त्यांनी बाईंचा हात सोडला नाही.

(खालचा तुकडा.) मला बाहेर काढायला डॉक्टरांना तीन तास लागले. हाड मला सोडेना. चार वर्षं त्याने मला धरून ठेवलं होतं. शेवटी हाड उभं चिरावं लागलं. बाई पुढे सहा महिने अंथरुणात होत्या. त्यांचा चालण्याचा रस्ता दुसऱ्या कुणाला दिला. हे याने सांगितलं नसतं. हा वरचा नेहमी स्वतःचंच सांगतो.

(वरचा तुकडा.) खरं आहे.

*

डबीत घालून आम्हाला कारखान्यात आणलं. कारखान्याच्या साहेबांनी डबी हलवून पाहिली.

"बाईंचं वजन वाढलं असेल. जिन्यात पडल्या, मोडला."

"मोडला म्हणून पडल्या," ताई म्हणाली.

"तुम्हाला काय माहीत?"

"बघितल्याशिवाय दोघांनाही नाही माहीत."

तिने मला भिंगाखाली ठेवलं. मोडलेल्या धातूच्या तोंडावर रेघा असतात, मित्रांनो. ओहोटीचं पाणी मागे सरताना वाळूवर ठेवून जातं तशा. प्रत्येक रेघ म्हणजे भेगेचा एक मुक्काम. त्या रेघा उलट वाचत गेलं की भेग कुठे जन्मली ते कळतं. ताई बोट न लावता, नुसत्या नजरेने एकेक रेघ मागे गेली. शेवटची रेघ, म्हणजे सगळ्यात पहिली, तिसऱ्या अंकाच्या वळणात जाऊन थांबली.

ती उठली. फायलींच्या खोलीत गेली. पिवळा कागद काढला. सही बघितली. खुर्चीवर बसली आणि बराच वेळ आपलंच नाव वाचत राहिली.

मग साहेबांशी बोलणं झालं. साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "चाळिसातला एक मोडला. बाकीचे मोडतील असं कुठाय? ताई, विचार करा. सगळ्यांना कळवणारं पत्र गेलं की ही माणसं चालायची बंद होतील. म्हातारी माणसं. घरात बसून खचतील. जो मोडणारच नव्हता, तोही बदलून घेतील, आणि त्या ऑपरेशनमध्ये कुणी गेलं तर?"

 ताईच्या डोक्यातही हेच होतं, फक्त चाळीस माणसांचं नव्हतं. एकाचं होतं. बाबांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगून ठेवलं होतं की दुसरं मोठं ऑपरेशन त्यांना सोसेलच असं नाही. पत्र गेलं तर ते बाबांनाही जाणार होतं. नाही गेलं तर ते जिना चढत राहणार होते, दिवसातून दोनदा, माझ्या पाठच्या भावावर भार टाकत.

मला तो भाऊ ऐकू येत होता. खणातून. टक. टक.

*

एका दुपारी तिने डबी पिशवीत टाकली आणि बाबांच्या घरी गेली. बाबा नुकतेच खालून भाजी घेऊन आले होते. धाप नव्हती. त्याचाच त्यांना गर्व होता.

"लिफ्टने आलात का?"

"लिफ्टने येईन तेव्हा मला न्यायला चौघे असतील. काय आणलंस?"

तिने डबी टेबलावर ठेवली. बाबांनी चष्मा लावला, दोन्ही तुकडे हातात घेतले, जुळवून पाहिले, सुतार तुटलेला खुर्चीचा पाय बघतो तसे. अंगठ्याचं नख मानेवरून फिरवलं. तिसऱ्या अंकावर नख अडकलं.

"ही खाच कुणी पाडली?"

"मी सही केली, बाबा."

"रडणाऱ्या अंगाला?"

"हो."

त्यांनी पुन्हा एकदा नख त्या खाचेवरून फिरवलं. मग म्हणाले, "अगं, शिडीच्या पायरीला खालून खाच पाडली म्हणून मी माझ्या हाताखालच्या माणसाला महिनाभर रंधा धरू दिला नव्हता. तू तेव्हा तिथेच लाकडाच्या चुऱ्यात खेळत होतीस."

"तुमच्यातही हाच आहे. पुढचाच नंबर."

"ते कळलं मला. उगाच का मोडकं घेऊन येशील, मिठाई आणली असतीस." त्यांनी तुकडे खाली ठेवले. "बाकीच्यांना कळवलंस?"

"नाही. साहेब म्हणतात, लोक घाबरतील."

"घाबरू देत की. घाबरलेलं माणूस कठडा धरून चालतं."

"बाबा, तुमचं हृदय..."

"हृदय तू बनवलेलं नाहीस. त्याची काळजी तू कशाला करतेस? तुझं जे आहे ते कर." आणि थोड्या वेळाने, तिच्याकडे न बघता, "मला पत्र टपालानेच पाठव. घरचा म्हणून हातात आणून देऊ नकोस. सगळ्यांना जसं, तसंच."

ताई रडली. बाबा उठले, ती बसली होती ती खुर्ची जरा सरळ केली आणि भाजी निवडायला घेतली.

*

पत्रं गेली. ताईने ती स्वतः लिहिली, साध्या भाषेत, आणि खाली पिवळ्या कागदावर केली होती तीच सही केली. साहेबांनी तिच्याशी बोलणं सोडलं. पत्रांवर आपली सही मात्र खाली तिच्या शेजारी केली. कुणाचा खुबा बदलला, कुणाला काठी दिली, कुणी पत्र वाचून ताईला फोनवर शिव्या दिल्या. तिने त्या पूर्ण ऐकून घेतल्या. अक्षरमामांनी आकडा पुन्हा टोकाला नेला. त्यांनी मला एकदा खणातून काढलं, मानेवरचा आकडा बराच वेळ पाहिला, आणि आकडा खालच्या बाजूला करून ठेवून दिलं.

बाबांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलं. थांबून बघू म्हटलं. बाबांनी स्वतःसाठी काठी बनवली, मूठ घासूनघासून गुळगुळीत केली, आणि लिफ्ट वापरू लागले. चौघांनी न नेता. ते अजून आहेत. ताई रविवारी त्यांच्याकडे जाते. गप्पा चालतात, हसणं चालतं. पण बाबा खुर्चीतून उठायला लागले की ती बोलता बोलता थांबते. ते उभे राहतात. पहिलं पाऊल टाकतात. मग ती वाक्य पुरं करते. मलाही तेव्हा खणात तसंच होतं.

*

मित्रांनो, आता ताई नव्या लोकांना शिकवायला मला बाहेर काढते. भिंगाखाली ठेवते, रेघा दाखवते. ती फारसं बोलत नाही. म्हणून मी सांगतो.

तुम्ही मोठे व्हाल. कुणी पूल बांधेल, कुणी खुर्ची, कुणी खुबा. तुमच्यासमोर कधीतरी एक साधा कागद येईल आणि त्यावर लिहिलेलं असेल की काहीच बदलत नाही. तेव्हा तुम्हाला भूक लागलेली असेल. तरी बसा. ती वस्तू हातात घ्या आणि तिला विचारा, तू कुठून ताणली जातेस? चित्रातून काही पुसलं असेल तर ते पुन्हा लिहून बघा. आणि चूक सापडली तर ती ज्यांच्या अंगात आहे त्यांना सांगा. त्याच दिवशी सांगा. आम्ही आतून ओरडू शकत नाही. आमच्या वतीने तुम्हालाच बोलावं लागेल.

एवढंच माझं मागणं.

ताईने भिंगाखाली भेगेचा उगम पाहिला त्या दिवसापासून पत्रं टपालात पडेपर्यंत अकरा दिवस गेले, आणि त्यातल्या सातव्या दिवशी एक शिक्षिका वर्गात फळ्याकडे वळताना कोसळली. तिचा दांडा त्याच चाळिसांतला होता.